दिसेल अशा जागी लांडगी

"त्या जांभळ्या साडीला फॉल लावायचाय, आणि हे सगळे ब्लाउज परवापर्यंत पाहिजेत," असं म्हणत विधीने काचेचं दार खांद्याने ढकललं आणि हातातलं गाठोडं समोरच्या टेबलावर टाकलं.

टेबलामागच्या तरुणाने आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"परवापर्यंत जमणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "आधी मला शिवण शिकावं लागेल."

विधीने कपाळावरचा घाम पुसला आणि नीट पाहिलं. शिलाई मशीन कुठेच नव्हतं. टेप नाही, चिंध्या नाहीत. कूलरसमोर एक आडवी होणारी खुर्ची, दिव्याखाली पेनासारखं कसलंसं यंत्र, आणि भिंतभर चित्रं... फुलं, पक्षी, डोंगर. सगळं इतक्या बारीक रेषांत, की जवळ गेल्याशिवाय दिसतच नव्हतं.

"टेलर मास्तर आता वरच्या मजल्यावर गेले," तो म्हणाला. "रोज कोणी ना कोणी माझ्या टेबलावर ब्लाउज आणून टाकतंच. मीही सुईचंच काम करतो, पण कापडावर नाही. टॅटू काढतो. भूपेंद्र."

"सॉरी," म्हणत तिने गाठोडं ओढलं. भर मे महिन्यात जळगावात जिने चढून दमलेल्या माणसाला आणखी एक जिना दिसला की काय वाटतं, ते जळगावकरालाच विचारावं. ती वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट... 'पदर असा बघा ताई, काठ असा बघा ताई' — त्या तुम्हीच ना?"

विधी थबकली. खरं तर तिला कोणी ओळखायला नको होतं. तिच्या वडिलांचं, निर्मलकुमारांचं, बाजारात साड्यांचं दुकान. विधीने हट्टाने रोज दुपारी मोबाइलवर लाइव्ह विक्री सुरू केली आणि रावेरपासून साक्रीपर्यंत गिऱ्हाईक जोडलं. पप्पांनी परवानगी दिली, पण अट घालून. चेहरा दाखवायचा नाही. घरची मुलगी जगाला चेहरा दाखवत बसली तर उद्या स्थळं यायची कुठून? तेव्हा पडद्यावर दिसायचे ते फक्त तिचे हात — साडी उलगडणारे, काठावरून बोट फिरवणारे, पदर झटकून पसरणारे.

"माझा चेहरा तर कधीच दिसत नाही," ती म्हणाली. "मग कशावरून?"

"हातांवरून. माझी आई रोज बघते, पिंपळनेरला बसून. गावी गेलो की मलाही बघावं लागायचं."

"लागायचं?"

"आता लागत नाही," तो गाठोड्याची सुटलेली गाठ बांधत म्हणाला. "आता मी आपणहून बघतो."

असल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं हे निर्मलकुमारांच्या घरात कोणी शिकवलेलं नव्हतं. विधीने कान लाल झालेले लपवायला भिंतीकडे तोंड केलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "हा कुत्रा छान आहे."

"लांडगा आहे तो."

"हा? याला बिस्कीट टाकलं तर शेपूट हलवेल."

भूपेंद्र हसला. आपल्या कामाला नावं ठेवणाऱ्या माणसासमोर इतकं मोकळं हसणारा पुरुष विधीने प्रथमच पाहिला होता. "तुम्ही बघितलाय का लांडगा?" त्याने विचारलं.

"बघितलाय."

मग तिने सांगितलं. गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून लग्न आटोपून परत येताना, पारोळ्याच्या अलीकडे, ती रस्त्याच्या कडेला उभी होती. मादी. अंगाने सडसडीत, रंगाने मातकट. पप्पांनी गाडी हळू केली, हॉर्न वाजवला. ती हलली नाही. पुन्हा वाजवला. तिने गाडीकडे सावकाश पाहून घेतलं, आणि तिचं पाहून झालं तेव्हाच ती माळात उतरली.

"पप्पांच्या हॉर्नला न हललेलं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही," विधी म्हणाली. "मी सुद्धा हलते."

ती बोलत होती तेवढ्या वेळात त्याची पेन्सिल चालू होती. त्याने कागद फिरवून तिच्यासमोर धरला. ताठ कान, मानेवरचे केस, किंचित वळलेलं तोंड... आणि डोळा काढलेलाच नव्हता, नुसती जागा सोडली होती. तरी ती बघत होती. तीच होती.

"मला ही पाहिजे," विधी म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

"कुठे?"

"म्हणजे?"

"अंगावर कुठे? बारीक रेषेचं काम आहे, कुठेही चालत नाही. बोटांवर टिकत नाही, रेष फुटते. पायाला चप्पल घासते. बरगडीवर टिकेल, पण रडवेल. मानेवर छान दिसेल, दंडाच्या आत वर्षानुवर्षं राहील." मग त्याने आपला नियम सांगितला. पहिल्या दिवशी तो सुई लावत नसे. कागदावरून चित्राची निळी छाप कातडीवर उठवायची, आणि ती घेऊन माणसाने दोन दिवस घरादारात वावरायचं. "आरशात बघून ठरवू नका," तो म्हणाला. "माणसांत वावरून ठरवा. पटलं तर या."

विधीने आधी घोटा निवडला, पैंजणाच्या खाली. पुढचे दोन दिवस ती सलवार ओढत ओढत चालली, आणि मम्मीने पाय मुरगळला समजून हळदीचा लेप तयार केला. "नको," ती परत येऊन म्हणाली, "ती पायाशी बसलेली बरी दिसत नाही."

मग मान, केसांखाली. या उकाड्यात केस मोकळे सोडलेली मुलगी बघून शेजारपाजारचे सगळे चकित झाले. संध्याकाळपर्यंत घामाने लांडगी वाहून गेली, आणि पांढऱ्या ओढणीवर निळा डाग तेवढा उरला.

मग दंडाची आतली बाजू. त्यासाठी पूर्ण बाह्यांचा कुडता आला.

"आईचा फोन होता," पुढच्या वेळी भूपेंद्र हसू दाबत म्हणाला. "विचारत होती, त्या साडीवाल्या पोरले ताप येल शे का? इतल्या तपनमा हात झाकेल शेतस म्हणे."

"आणि तू काय सांगितलंस?"

'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. छाप उठवायची तर ओला कागद कातडीवर दाबून धरावा लागतो, आणि तेवढा वेळ दोघांनाही बोलायला काही सुचत नसे. कूलरचा आवाज, वाळ्याचा वास, त्याच्या बोटांचा थंड ओला स्पर्श... कागद निघाला की दोघंही एकदमच काहीतरी बोलायला लागत. छाप उठायला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ तो कागद धरून ठेवायचा, हे विधीच्या लक्षात आलं होतं. तिने त्याला तसं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने कागद लवकर काढला असता.

पण त्या दिवशी त्याने कागद हातात घेतलाच नाही.

"एक बोलू? राग येईल."

"मग बोलू नकोस."

"तू टॅटूला जागा शोधत नाहीयेस, विधी. तू लपायला जागा शोधतेयस."

आला. राग चांगलाच आला. "तुला काय जातं बोलायला?" ती म्हणाली. "तुझ्या घरी कोणी विचारत नाही, कुठे गेलास, का गेलास, कोणाशी बोललास. मला पाणी प्यायला उठलं तरी सांगून उठावं लागतं."

"खरं आहे," तो म्हणाला. "मला काही जात नाही. पण माझ्या आईच्या कपाळावर गोंदण आहे, हनुवटीवर आहे, दोन्ही हातांवर आहे. ती म्हणते, बठ्ठा दागिना आठेच राही जातस, गोंदन संगे येस. दागिने सगळे इथेच राहणार. जे शेवटपर्यंत सोबत येणार, ते दपाडून, लपवून कशाला ठेवायचं?"

विधी पर्स उचलून निघून गेली. नंतर बरेच दिवस ती त्या जिन्याकडे फिरकली नाही. ब्लाउजसुद्धा तिने दुसऱ्या टेलरकडे टाकले, आणि त्याने ते बिघडवले.

मग एका रविवारी घरी झाडलोट सुरू झाली, पडदे बदलले गेले, आणि मम्मीने सांगितलं की दुपारी धुळ्याची मंडळी तिला बघायला येतायत. मुलगा शिकलेला, घर तालेवार, माणसं आपल्यातलीच. नाही म्हणायला कारण नव्हतं. विधीने बाजारातून गजरा आणायच्या निमित्ताने गाडी काढली आणि थेट भूपेंद्रचं दार ढकललं.

"मनगटाच्या वर," ती म्हणाली. "बाहेरच्या बाजूने. साडी उलगडताना सगळ्यात आधी दिसेल तिथे. आणि आज छाप नको, सुईच लाव."

"आज काय आहे?"

"आज बघायला येतायत."

त्याचा हात कागदावर थांबला. मग तो म्हणाला, "रागात आलेल्या माणसाला मी सुई लावत नाही. छाप देतो."

"दुसरं काही बोलणार नाहीस?"

"आज नाही," तो म्हणाला, आणि तिच्या हातावर कागद दाबून धरला. त्या दिवशी त्याने तो फार वेळ धरला.

धुळ्याची मंडळी चारला आली. रुपचंदजी, त्यांच्या पत्नी सुंदरबाई, आणि मुलगा पारस. विधी अंजिरी साडी नेसून सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे पुढे करायचा म्हणजे हातही पुढे करावाच लागतो.

सुंदरबाईंचा ग्लास अर्ध्यावरच थांबला. "हे काय काढलंय... कुत्रं?"

"लांडगी," विधी म्हणाली.

मम्मीने डोळे मिटून घेतले. पायाखाली मुंगी आली तर हळहळणारं जैन घर, आणि त्या घरच्या लेकीच्या हातावर लांडगी. रुपचंदजी घसा साफ करून म्हणाले, "जनावर हिंसक आहे."

पारस मात्र पुढे वाकून बघत होता. "काम सुंदर आहे," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. "फक्त... पाठीवर वगैरे काढलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. कोणाला दिसलं नसतं."

विधी त्याच्याकडे बघत राहिली. मुलगा देखणा होता, बोलायला मऊ होता, आणि गेला महिनाभर ती घोट्यावर, मानेवर, दंडावर जे शोधत होती ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. तिला त्याचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली.

निर्मलकुमारांनी लेकीकडून टॅटूवाल्याचा नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. "मी निर्मलकुमार, साडीवाला. माझ्या मुलीच्या हातावर तुम्ही जे काढलंय ते घालवायचं मशीन असतं म्हणे. कधी घालवून द्याल?"

विधीचा जीव टांगणीला लागला. त्याने एवढंच म्हणावं, की आता हे जात नाही. सुंदरबाई उठतील, स्थळ आपोआप मोडेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. म्हण ना रे... एवढं एकच वाक्य म्हण.

"काका," भूपेंद्र म्हणाला, "मशीन लागणार नाही. अजून सुई लागलेलीच नाही. ती नुसती छाप आहे, साबणाने जाईल."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. पप्पा हसले, रुपचंदजी हसले. "चांगलीच घाबरवलंस गं," सुंदरबाई म्हणाल्या. "जा बेटा, हात धुऊन ये. मग तोंड गोड करू."

विधी बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण हातात घेतला. बाहेर हसण्याबोलण्याचा आवाज परत सुरू झाला होता, कोणीतरी मुहूर्ताचा विषयही काढला. किती सोपं होतं ते. थोडा फेस, थोडं पाणी, की सगळे खूश. आज छाप गेली, उद्या लाइव्ह जाईल, आणि मग हळूहळू काय काय धुऊन काढायला सांगतील त्याला अंत नाही. आणि दर वेळी साबण तिच्याच हातात देतील. तिने साबण जागेवर ठेवला, नळ बंद केला आणि बाहेर आली.

"साबण नव्हता का?" मम्मीने हळूच विचारलं.

"होता. पाणीपण होतं. मी धुतला नाही." विधी सुंदरबाईंकडे वळली. "काकी, हे मी उद्या पक्कं करून घेणार आहे. या हातांवर आमचं दुकान चालतं. चेहरा झाका म्हणाले, मी झाकला. हात नाही झाकणार. पारस, तुम्ही वाईट नाही आहात. पण माझं जे काही असेल ते दिसेल अशाच जागी असणार, आणि ते तुम्हाला जड जाईल."

मंडळी गेली. पेढ्यांचा बॉक्स तसाच बंद राहिला. पप्पा एवढंच बोलले. "उद्यापासून लाइव्ह बंद. गिऱ्हाइकाला सांगेन, आजारी आहे."

"मी आजारी नाही," विधी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चप्पल घालताना मम्मीला सांगितलं, "टॅटू काढायला जातेय. पप्पांनी विचारलं तर पत्ता दे." मम्मीने पत्ता विचारला नाही, पण विधीने तो सांगितलाच.

भूपेंद्र दारातच उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"तू का सांगितलंस?" तिने आत पाऊल टाकताच विचारलं. "एक वाक्य खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मग ते लग्न मी मोडलं असतं. तू नाही."

"तुला ते मोडायला हवं नव्हतं?"

"विधी," तो म्हणाला, "काल त्या फोनवर, ते मोडावं असं जगात माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. म्हणून तर खोटं बोलता येईना. उद्या तू माझ्याकडे आली असतीस तर मला वाटत राहिलं असतं, ही आली नाही, मी आणली."

विधी खुर्चीच्या कडेवर बसली. राग होता तो कुठे गेला ते तिला सापडेना. "आणि मी हात धुतला असता तर?"

"तर मग... रोज दुपारी मोबाइलवर तो कोरा हात बघत बसलो असतो."

"एवढंच?"

"रडलोही असतो बहुतेक," तो म्हणाला. "आईला दिसणार नाही असा."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "ऐक," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. आणि हे मी चारचौघांत सांगणार आहे, घरी सांगणार आहे, बाजारात सांगणार आहे. तुला चालणार नसेल तर आत्ताच बोल."

भूपेंद्र पुढे सरकला. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, पहिल्यांदाच मध्ये कागद नसताना. "मला तर तू चेहरा दिसायच्या आधीपासून आवडतेस," तो म्हणाला. "मी काय नाही म्हणणार?"

"मग लाव सुई. आज रागात नाहीये मी."

सुई चावली. मुंगी चावावी तशी, मग हजार मुंग्या चावाव्यात तशी. विधीने दात आवळले, पण हात हलवला नाही. निळ्या छापेवरून काळी बारीक रेष सरकत होती. कान झाले, कपाळ झालं... आणि दार उघडलं.

निर्मलकुमार दारात उभे होते, जिने चढून धापा टाकत. भूपेंद्र उठायला लागला.

"बस," विधी त्याला म्हणाली. "रेष अर्धी आहे."

"विधी, ऊठ," पप्पा म्हणाले.

"अर्धी लांडगी घेऊन कशी उठू, पप्पा?"

निर्मलकुमारांनी त्या हाताकडे पाहिलं, मग हात धरलेल्या माणसाकडे पाहिलं. व्यापारी माणूस होता. कोणाचा हात कोणाच्या हातात कसा धरलेला आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तरीही विधीने सांगितलं.

"पप्पा, हा भूपेंद्र. पिंपळनेरच्या अभिमन पाटलांचा मुलगा. मला हा आवडतो."

"याच्यासाठी धुळ्याचं स्थळ घालवलंस?"

"नाही. ते माझ्यासाठी घालवलं. याचं वेगळं आहे."

भूपेंद्र उभा राहिला. "काका..."

"तुम्ही काल खरं बोललात," निर्मलकुमार त्याला अडवत म्हणाले. "ते मला कळलंय. पण तेवढ्याने काही होत नाही." मग ते लेकीकडे वळले. "घरी ये. जे काय आहे ते घरी बोलू."

"येते," विधी म्हणाली. तिचा हात दुखत होता, तरी तिने नजर खाली घातली नाही. "पण एकटी येणार नाही. आम्ही दोघं येतो."

पप्पा वळले. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ते पाठमोरे उभे राहिले.

"मी हो म्हणत नाहीये," ते मागे न बघता म्हणाले. "समोर बसवून सगळं विचारणार आहे. आणि यायचं तर सूर्य मावळायच्या आत या. आमच्याकडे नंतर जेवण मिळत नाही."

चपलांचा आवाज खाली खाली गेला. भूपेंद्र आपल्या जागी बसला, यंत्र उचललं, आणि परत ठेवलं.

"काय झालं?" विधीने विचारलं.

"हात थरथरतोय."

"थांब मग थोडा," ती म्हणाली, आणि आपला हात दिव्याखाली तसाच पसरून ठेवला. "मी नाही हलवत."